साबण, पावडर, अत्तर : खिसा पाहून, चेहरा जपून

लग्नसराई जवळ आली की घरोघरी खर्चाच्या याद्या होऊ लागतात. भांडी, कपडे, मंडप, जेवण, गाडी असे एकेक कलम लिहिले जाते आणि शेवटी एक ओळ असते, 'मेकअपचे सामान'. तिच्यापुढे आकडा कोणी लिहीत नाही. कार्य उरकल्यावर हिशेब जुळत नाही, तो बहुतेक वेळा तिथेच. लग्न नसले तरी साबण, शांपू, तेल, पावडर, क्रीम, काजळ, टिकली, नेलपॉलिश आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा स्प्रे अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर महिन्याच्या पगारातले शेकडो रुपये जातात. एकेक वस्तू दहा-वीस रुपयांची असते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही.

नटणेमुरडणे वाईट, असे सांगायला आम्ही हा लेख लिहीत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला चार माणसांत जाताना नीट दिसावेसे वाटले तर त्यात गैर काय? चांगल्या राहणीला आपल्या समाजात तर वेगळाच अर्थ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे जाडजूड दागिने आणि स्वच्छता यांवर ते मोकळेपणाने बोलले. ज्या खुणांवरून लोक जात ओळखत, त्या खुणा टाकून द्या, असा त्यांचा आग्रह होता. महागडे ल्या, असे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. स्वच्छ आणि नीटनेटके राहा, हे सांगितले होते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि गोट, वाळे उतरवून ठेवले.

आज दुकानात उभे राहिल्यावर प्रश्न वेगळा आहे. समोर शंभर डब्या आहेत. कोणती घ्यावी, कोणती घेऊ नये, किती पैसे घालावेत आणि कोणती डबी घरात मुळीच येऊ देऊ नये? या चार प्रश्नांचा विचार आम्ही येथे करीत आहोत. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर आम्ही अधिक लिहिणार आहोत.

आधी हिशेब

कोणतीही वस्तू घेताना किंमत पाहू नका, दर पाहा. भाजी आपण किलोच्या दराने घेतो, मग क्रीम का नाही? समजा ९ ग्रॅमची पुडी १० रुपयांना आहे. म्हणजे १०० ग्रॅमचा दर १११ रुपये झाला. तीच क्रीम १०० ग्रॅमच्या बाटलीत ९० रुपयांना असेल तर बाटली स्वस्त. शांपूच्या बाबतीत मात्र बरेचदा उलटे असते, पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. दक्षिणेतल्या एका उद्योजकाने १९८३ साली चिक शांपू काढला आणि पुड्यांमधून तो खेडोपाडी नेला. त्या आधी शांपू ही बड्या घरची वस्तू होती. तेव्हा पुडीला नावे ठेवू नका, पण प्रत्येक वेळी भागाकार करा. घरातल्या सातवीच्या मुलीला हे काम द्या. तिचे गणितही सुधारेल.

दुसरा हिशेब टिकण्याचा. बऱ्याच डब्यांवर उघड्या झाकणाच्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यावर तितक्या महिन्यांत ती वस्तू संपवावी, असा त्याचा अर्थ. डोळ्याला लावायचे मस्कारा, आयलायनर तीन ते सहा महिन्यांपलीकडे ठेवू नये, कारण त्यात जंतू वाढतात. म्हणून 'एकावर एक फुकट' ही योजना पावडरीला ठीक, आयलायनरला नाही. 

तिसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा वडीचा साबण, शांपू, केसांचे तेल, टाल्कम पावडर आणि फेस पावडर यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लिपस्टिक, क्रीम, परफ्यूम यांना ही सवलत मिळालेली नाही. दुकानदार जुन्याच भावाने साबण देत असेल तर त्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हात आखडता असेल तर

महिन्याला शंभर-दीडशे रुपयांपेक्षा जास्त काढता येत नसतील, तर वस्तू तीनच लागतात. चांगला साबण, त्वचेला ओलावा देणारे काहीतरी आणि उन्हापासून आडोसा.

साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' असा शब्द आणि पुढे टक्के लिहिलेले असतात. साबणात स्निग्धांश किती, ते त्यावरून कळते. ७६ टक्के किंवा अधिक असेल तो पहिल्या प्रतीचा, ७० चा दुसऱ्या आणि ६० चा तिसऱ्या. वेष्टनावर 'टॉयलेट सोप' असे लिहिलेले असेल तरच ही प्रतवारी लागू होते. 'बेदिंग बार' लिहिले असेल तर त्यात स्निग्धांश कमी असू शकतो. जाहिरातीतली नटी, दुधाची धार, केशराच्या काड्या हे सारे बाजूला ठेवा आणि आकडा पाहा. कित्येकदा साध्या वेष्टनातला साबण झगमगीत वेष्टनातल्या साबणापेक्षा वरच्या प्रतीचा निघतो. साबण अंगावर मिनिटभर राहतो आणि पाण्याबरोबर जातो. त्याने रंग बदलत नाही.

ओलाव्यासाठी औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली यांना तोड नाही. ग्लिसरीन तसेच चोळू नये. एक भाग ग्लिसरिनात दोन-तीन भाग स्वच्छ पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून, आंघोळीनंतर अंग किंचित ओले असतानाच लावावे. दोन-तीन दिवस पुरेल इतकेच करावे. धुणीभांडी करणाऱ्या, हॉटेलात विसळणावर असणाऱ्या, साफसफाईचे काम करणाऱ्या आपल्या बहिणींचे हात साबण-सोड्याने फाटतात, खाजतात. त्यांनी रात्री झोपताना हाताला पेट्रोलियम जेली लावून जुने सुती मोजे घालावेत. आठवड्यात फरक दिसतो. काम करताना रबरी हातमोजे मिळाले तर उत्तमच. जिथे ते देणे मालकाचे काम आहे तिथे मागून घ्यावेत.

खोबरेल तेल अंगाला, केसांना चांगले. पण ज्या मुलींच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात त्यांनी ते तोंडाला लावू नये, छिद्रे बुजून मुरुमे वाढतात. लिंबू चोळून उन्हात जाणे, खाण्याचा सोडा लावणे, मुरुमावर टूथपेस्ट लावणे हे घरगुती उपाय बंद करा. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडीवर काळे डाग उठतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. बेसन किंवा मसुराचे पीठ हलक्या हाताने लावायला हरकत नाही, घासू मात्र नये.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. कित्येक आया मुलीची मान, काखा काळ्या दिसतात म्हणून दगडाने, चुन्याने, घासणीने घासतात. मुलगी रडते, कातडी सोलते आणि मान पुन्हा तशीच. मानेवरचा मखमलीसारखा जाड काळा पट्टा पुष्कळदा मळ नसतोच. शरीरात इन्सुलिनचे काम नीट चालत नसल्याची ती खूण असते आणि पुढे मधुमेह होण्याचा धोका ती दाखवते. अशा वेळी क्रीम आणू नये. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढून साखर तपासून घ्यावी, वजन पाहावे. मान आपोआप सुधारू लागते.

चार पैसे अधिक असतील तर

महिन्याला तीन-चारशे रुपयांची सोय होत असेल तर पहिली वस्तू सनस्क्रीन घ्यावी, असे आम्ही सांगू. भाजी विकणारी, बांधकामावर जाणारी, घरोघर फिरणारी आशा ताई, बसथांब्यावर तासभर उभी राहणारी नोकरदार बाई, या सर्वांच्या गालांवर तिशीनंतर तपकिरी डाग येतात. आपण त्याला वांग म्हणतो. ऊन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातला वारसा ही त्याची कारणे. उन्हापासून जपले नाही तर कोणतेही औषध वांगावर टिकत नाही.

सनस्क्रीनवर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द पाहा. एसपीएफ ५० आणि १०० यांत फरक फार थोडा असतो, किमतीत मात्र असतो. चिमूटभर लावून उपयोग नाही. तोंड आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढी लागते आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावी लागते. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी छत्री, रुंद काठाची टोपी, घट्ट विणीचा सुती स्कार्फ वापरावा. पाचशे रुपयांच्या ट्यूबपेक्षा दीडशेची छत्री अधिक काळ टिकते आणि कपाळापासून पाठीपर्यंत सगळे झाकते.

दुसरी वस्तू साधे मॉइश्चरायझर. डबीवर सोने, मोती, हिरा, केवडा काहीही लिहिलेले असो, आत मुख्यतः पाणी, ग्लिसरीन आणि तेलच असते. जिला सुगंधाची ॲलर्जी होते तिने बिनवासाचे घ्यावे. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी आणि मगच तोंडाला.

पावडरीविषयी थोडे. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' अशा गटात घातले. लगेच घाबरून डबा फेकायला नको. पण तान्ह्या बाळाला पावडरीचे धुके करून माखणे मात्र थांबवावे. ती पूड बाळाच्या छातीत जाते. मोठ्यांनीही ती हातावर घेऊन थोडी लावावी आणि गुप्त अवयवांना लावू नये. तसेच बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये. काही सुरम्यांत शिसे असते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला मारक असते.

रंग निवडताना

लिपस्टिक, कॉम्पॅक्ट, फाउंडेशन घेताना आपल्या बहिणी एक चूक हमखास करतात. स्वतःच्या वर्णापेक्षा दोन छटा उजळ घेतात. मग चेहरा राखेसारखा आणि मान वेगळी दिसते. फोटोत तर ते फारच उघडे पडते. फाउंडेशनची छटा हातावर पाहू नये. जबड्याच्या कडेला थोडी लावून दुकानाबाहेर उजेडात यावे आणि जी छटा दिसेनाशी होते ती घ्यावी. ट्यूबलाइटखाली निवडलेला रंग दिवसा दगा देतो.

सावळ्या आणि काळ्या वर्णाला मरून, विटकरी, जांभळट, कॉफी, गडद गुलाबी या छटा उठून दिसतात. फिकट गुलाबी आणि दुधाळ छटा ओठ पांढरट करतात. खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल तर ती लिपस्टिक असू द्या. चांगल्या छटेची एक लिपस्टिक वर्षभर पुरते. दुकानातला नमुना ओठांना लावू नका, मनगटावर पाहा. लोकलच्या बायकांच्या डब्यात, आठवडी बाजारात क्लिपा, रबर, बांगड्या खुशाल घ्या. पण डोळ्याला आणि ओठांना लागणारी वस्तू ज्या डबीवर कोणाचे नाव-गाव नाही अशी घेऊ नका.

टिकलीचे एक गुपित पुष्कळांना ठाऊक नाही. काही टिकल्यांच्या डिंकात असे रसायन असते की वर्षानुवर्षे त्याच जागी लावल्याने कपाळावर पांढरा डाग पडतो. आधी खाज सुटते, मग रंग उडतो. खाज सुटली की टिकली त्याच दिवशी बंद करावी.

केस रंगवणाऱ्यांसाठीही इशारा आहे. काळ्या रंगाच्या पुडीत पीपीडी नावाचे द्रव्य असते. 'काळी मेंदी' म्हणून जी विकतात तिच्यातही बरेचदा तेच असते. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतो, तो तांबूस असतो. पीपीडीने कोणाकोणाचे तोंड सुजते, डोळे मिटतात. रंगवण्याआधी दोन दिवस कानामागे थेंबभर लावून पाहावे. हे पुरुषांनाही सांगतो.

लग्नाच्या मेकअपसाठी ब्युटी पार्लरवाल्या बाईशी बोलताना तीन गोष्टी आधी ठरवा. एकूण रक्कम, त्यात काय काय येते आणि मुलीच्या वर्णाशी जुळणारा रंग. आठ-दहा दिवस आधी एकदा करून पाहा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवे फेशियल, नवे ब्लीच करू नका. चेहरा लाल झाला तर दुसऱ्या दिवशी कोणताही मेकअप तो झाकत नाही. आणि पार्लर चालवणारी आपल्या वस्तीतली बहीण असेल तर तिचा मोबदला पाडून मागू नका. ती कारागीर आहे.

सुवासाची गोष्ट

घामाचा वास घामाचा नसतो. कातडीवरचे जंतू घामावर जगतात, त्यांच्यामुळे वास येतो. म्हणून पहिला उपाय स्वच्छ धुतलेले आणि पूर्ण वाळलेले कपडे. पावसाळ्यात खोलीत वाळवलेल्या ओलसर सदऱ्यावर कितीही स्प्रे मारला तरी व्यर्थ. दुसरा उपाय तुरटीचा. आंघोळीनंतर तुरटीचा ओला खडा काखेत फिरवला की वास पुष्कळ कमी होतो. एक खडा कित्येक महिने चालतो.

डिओडरंट आणि अँटिपर्स्पिरंट यांत फरक आहे. पहिले वास झाकते, दुसरे घाम कमी करते. ज्याला घामाचाच त्रास आहे त्याने दुसरे घ्यावे.

परफ्यूमच्या बाटलीवर जी नावे असतात ती सुगंधी द्रव्याचे प्रमाण सांगतात. 'ओ द कोलोन' सर्वांत हलके, 'ओ द तॉयलेत' त्याहून दाट, 'ओ द पार्फ्यूम' आणखी दाट. दाट असेल ते महाग, पण कमी लागते. दुकानात एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकते. मनगटावर लावून अर्धा तास फिरून या, मग ठरवा. पहिल्या मिनिटाचा वास टिकत नाही, अर्ध्या तासानंतरचा टिकतो.

आमच्या मते कमी पैशात अत्तरासारखी वस्तू नाही. उत्तर प्रदेशातील कन्नौज हे त्याचे जुने गाव. तेथे तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून खाली जाळ लावतात आणि निघणारी सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदन तेलात मुरवतात. पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासाचे अत्तरही तेथे करतात. अस्सल गुलाबाचे किंवा चंदनाचे अत्तर फार महाग असते, कोणी स्वस्तात 'अस्सल' म्हणून देत असेल तर ते कृत्रिम आहे असे समजावे. कृत्रिम म्हणजे वाईट नव्हे, पण अस्सलाची किंमत त्याला देऊ नये. खस, मोगरा, मातीचे साधे अत्तर तीन मिलीच्या कुपीत मिळते. समजा ती १५० रुपयांची आहे. तीन मिलीत साठेक थेंब येतात. रोज एक थेंब लावला तर दोन महिने, म्हणजे दिवसाला अडीच रुपये. दोनशे रुपयांचा स्प्रे महिन्यात संपला तर दिवसाला सहा-सात रुपये. हिशेब तुम्हीच करा.

गोरेपणाच्या डबीत काय असते?

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे वळू. कोणती डबी घरात येऊ देऊ नये? जी डबी सात दिवसांत, पंधरा दिवसांत गोरे करण्याचे वचन देते आणि जिच्यावर कारखान्याचा पत्ता नसतो, ती.

माणसाचा वर्ण त्याच्या कातडीतल्या मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. काळ्यात त्या अधिक मेलॅनिन बनवतात, एवढेच. हे मेलॅनिन उन्हाच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करते. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या शेतात राबणाऱ्या पाठीला निसर्गाने दिलेले ते कवच आहे. गरोदरपणी केशराचे दूध प्यायल्याने मूल गोरे होत नाही. वर्ण आई-बापाच्या वारशाने ठरतो.

झटपट उजळ करणाऱ्या डब्यांत मुख्यतः दोन चोर सापडतात. पहिला पारा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा काही आठवड्यांत खरोखर उजळतो आणि बाई खूश होते. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफ घरातली लहान मुलेही श्वासातून घेतात. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. २०२४ साली त्याचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट खूण आढळली आणि या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. हे केरळातच घडते असे नाही. आपल्या अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे अशाच स्थानिक क्रीममुळे बिघडल्याचे २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत आले होते.

कायदा झोपलेला नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा वापरण्यास मनाई आहे. नकळत आलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत सर्व देशांनी अशा प्रसाधनांवर २०२५ पासून पूर्ण बंदी ठरवली. पण बिनपत्त्याच्या डबीला कायदा कसा पकडणार? ती पिशवीत येते, ओळखीच्या बाईकडून येते, मोबाइलवर मागवली जाते.

दुसरा चोर स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. इसबासाठी डॉक्टरांनी थोड्या दिवसांकरिता द्यायची ही औषधे. मेडिकलवाला देतो, मैत्रीण सांगते आणि मुली ती गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षभर लावतात. पहिला महिना चेहरा तजेलदार. पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, गालांवर केस उगवतात. लावणे थांबवले की तोंड लालबुंद होऊन जळते, म्हणून पुन्हा तीच लावतात. दारूसारखेच ते चक्र असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. जिला सवय लागली आहे तिने मनानेच एकदम बंद न करता पालिका किंवा सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. तेथे हे रुग्ण रोज येतात, लाजण्याचे कारण नाही.

अशी डबी वापरत असलेल्या घरात कोणाचे पाय सुजत असतील, डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीची तपासणी करा. ही तपासणी स्वस्त असते. वेळेत कळले तर पुष्कळजणी बऱ्या होतात.

खोके वाचून घ्या

खरेदीच्या वेळी एवढे पाहा. उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत, वजन, कमाल किंमत आणि घटकांची यादी. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यांतले काही नसेल तर डबी परत ठेवा. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल' हे शब्द दिसले तर ती पाऱ्याची. 'सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल तरी पाऱ्याचा संशय घ्यावा. पावती मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

डबीची मागणी कोठून येते?

बाजाराला एकट्याला दोष देऊन आपण सुटणार नाही. गोरेपणाची पहिली मोठी क्रीम भारतात १९७५ साली आली आणि २०२० साली तिने नावातला 'फेअर' हा शब्द गाळला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. २०१४ साली जाहिरातदारांच्या संस्थेने काळ्या वर्णाच्या व्यक्तीला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असा नियम केला. कंपन्या बदलल्या, निदान शब्द तरी बदलले. आपण बदललो का?

आपल्या समाजाच्या वधू-वर सूचक पत्रकांत आजही 'वर्ण गोरा' हे शब्द ठळक असतात. मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, हे खालच्या ओळीत येते. मुलगी पाहून परत गेलेले लोक 'विचार करून कळवतो' म्हणतात आणि जिन्यातच कुजबुजतात, रंगाने डावी आहे. ती कुजबुज आत मुलीला ऐकू येते. मग महिन्याभरात पलंगाखाली एक बिनपत्त्याची डबी येते. वर्णावरून माणसाची पायरी ठरवणारी जी व्यवस्था आपण नाकारली, तीच उंबऱ्याच्या आत गोऱ्या-काळ्याच्या रूपाने आपण पुन्हा बसवतो आहोत काय, याचा विचार प्रत्येक आईने आणि विशेषतः प्रत्येक मुलाच्या बापाने करावा.

म्हणून आमच्या भगिनींना आणि बांधवांना सांगणे एवढेच. साबण आकडा पाहून घ्या, क्रीम दर काढून घ्या, लिपस्टिक उजेडात निवडा, अत्तर थेंबाने लावा. हौस जरूर करा, ती आपल्या कष्टाच्या पैशाची आहे. घरात पारा-स्टेरॉइडची डबी असेल तर या रविवारीच मुलीजवळ बसून तिची चौकशी करा. रागावू नका, डबी बाजूला ठेवा आणि तिला दवाखान्यात न्या. आणि यापुढे स्थळाचे पत्रक लिहाल तेव्हा त्यातले वर्णाचे कलम खोडून त्या जागी मुलीचे शिक्षण लिहा.